शुश्रूषा म्हणजे ऐकणें

आज आपणांशीं ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो समारंभांत सहसा निघत नाहीं. वृद्धाश्रम किंवा शुश्रूषागृह उघडतें त्या दिवशीं जागेविषयीं बोलणें होतें, देणगीदारांविषयीं होतें, खोल्या किती बांधल्या आणि खाटा किती मांडल्या याविषयीं होतें. कोनशिलेवर नांवेंही कोरलीं जातात. परंतु दुसऱ्या दिवशीं पहाटे पांच वाजतां एखाद्या वृद्धाला कुशीवर वळवून त्याची ओली चादर जी बाई बदलते, तिचें नांव त्या शिळेवर नसतें. त्या वृद्धाचें सुख मात्र शिळेवरील सर्व नांवांपेक्षां या एका बाईवर अधिक अवलंबून असतें. तिच्या हातचें काम कसें सुधारेल, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी वरूडचा रहिवासी. संत्र्याच्या बागांमुळें आमच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. बागा आहेत, घरें आहेत. पण पुष्कळ घरांतील मुलें पुण्याला किंवा हैदराबादला आणि कोणाचीं समुद्रापलीकडे गेलीं आहेत. मागें दोन माणसें उरतात, आणि त्यांतील एक अंथरुणाला खिळलें म्हणजे दुसऱ्याच्यानें उचलवत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत भारतांत साठ वर्षे व त्यावरील वयाचीं माणसें सुमारें १० कोटी ३८ लक्ष भरलीं. देशांत त्यांचें प्रमाण शेंकडा ८.६ होतें, तर महाराष्ट्रांत ९.९. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं व कल्याणासाठीं २००७ सालीं झालेल्या कायद्यानें, प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निराधार वृद्ध राहूं शकतील असें एक तरी गृह राज्य सरकारांनीं उभारावें, अशी दिशा घालून दिली. कायदा खाटा मोजूं शकतो, पण भरवणाऱ्या हातानें दोन घांसांच्या मध्यें किती थांबावें, हें कोणत्याही कलमांत लिहितां येत नाहीं.

“आमच्या वेळीं हें सारें घरींच होत असे,” असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. होत असे, हें खरें. पण कोण करीत असे? घरांतील सून, लेक किंवा एखादी विधवा आत्या. तिला वेतन नव्हतें, रात्रीची झोंप नव्हती, आणि “तुला झेपतें काय?” असें तिला कोणीं विचारलेंही नव्हतें. म्हणून जुन्या दिवसांची आठवण काढून आजच्या सेविकेला दोष देणें मला न्यायाचें वाटत नाहीं. घर असो वा संस्था असो, विचारावयाचें तें हेंच कीं, करणाऱ्याला कसें करावें हें कोणी शिकविलें काय, आणि त्याचें कोणी ऐकलें काय?

जन्मभर मास्तरकी केल्यामुळें शब्दाची फोड केल्यावांचून मला चैन पडत नाहीं. शुश्रूषा हा शब्द ‘श्रु’, म्हणजे ऐकणें, या संस्कृत धातूपासून झाला आहे. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, सुटण्याची इच्छा ती मुमुक्षा. त्याच सांच्यांतील ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. सेवा हा अर्थ तिला मागाहून चिकटला. प्रथम ऐकावें आणि मग करावें, हा क्रम शब्दाच्या पोटांतच आहे. आपल्या संस्थांतून जें बिघडतें, तें बहुधा हा क्रम उलटल्यामुळें बिघडतें.

ऐकावयाचें तें केवळ कानानें नव्हे. ज्याला बोलतां येत नाहीं त्याचें शरीर बोलत असतें. एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिलें म्हणजे माकडहाड, नितंब, टांचा या जागीं हाड आणि गादी यांच्यामध्यें कातडी दाबली जाते, रक्त पोहोंचत नाहीं, आणि शय्याव्रण होतो. पहिली खूण साधी असते: बोटानें दाबल्यावरही न जाणारी लाली. आपल्या सांवळ्या कातडीवर ती लाली नीट दिसत नाहीं. तेथें ऊब किंवा टणकपणा हातानेंच चाचपावा लागतो. साधारणपणें दर दोन तासांनीं कूस पालटण्याचा परिपाठ आहे. रोग्याची प्रकृति आणि गादीचा प्रकार पाहून डॉक्टर ती वेळ ठरवितात. इंग्लंडांतील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनीं सहकाऱ्यांसह १९६२ सालीं वृद्धांच्या शुश्रूषेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत पांच गोष्टी पाहून गुण देण्याची रीत होती: शरीराची स्थिति, मनाची स्थिति, चालणें-फिरणें, अंथरुणांतील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. गुण जितके कमी तितका व्रणाचा धोका अधिक. या पांच गोष्टींपैकीं एकीलाही यंत्र लागत नाहीं. लागतो तो रोज पाहणारा डोळा. अंघोळ घालणाऱ्या बाईला ती लाली सर्वांआधीं दिसते आणि डॉक्टरांना सर्वांनंतर. मग त्या बाईचें म्हणणें डॉक्टरांपर्यंत पोहोंचण्याची वाट मोकळी नको काय?

जेवणाचेंही तसेंच आहे. निजलेल्याला घांस भरवूं नये. त्यास ताठ बसवावें, हनुवटी किंचित् खालीं असावी, घांस लहान असावा, आणि पहिला गिळला गेला हें पाहूनच दुसरा पुढें करावा. घाईनें भरवलेलें अन्न श्वासनलिकेंत जाऊन फुप्फुसांना सूज येते, आणि त्यानें माणूस दगावूंही शकतो. वार्धक्यांत तहान मंदावते, म्हणून “पाणी मागितलें नाहीं” हें पाणी न देण्याचें कारण होऊं शकत नाहीं. ऐकूं कमी येणाऱ्याशीं बोलावयाचें तर मागून ओरडण्यापेक्षां समोर यावें, आपल्या तोंडावर उजेड पडूं द्यावा आणि सावकाश, स्पष्ट बोलावें. ओरडलें म्हणजे शब्द तर कळत नाहीं, राग मात्र कळतो.

आणि हांक मारणें! जन्मभर ज्याला गांवानें पाटील म्हटलें, किंवा जिला चार घरच्या सुनांनीं मोठ्या बाई म्हटलें, त्यांना एका दिवसांत सरसकट ‘ए आजोबा’ आणि ‘ए म्हातारे’ करून टाकणें, हें अंगावरील वस्त्र ओढण्यासारखें आहे. पहिल्या दिवशीं एकच प्रश्न विचारावा: आपणांस काय म्हणूं? याला एक पैसाही लागत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील एका वृद्धाश्रमांत मीं पाहिलेली गोष्ट सांगतों. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें एक जुने बागाईतदार होते. स्मृति पार विसकटलेली. जानेवारीच्या थंडींत रोज रात्रीं दोनच्या सुमारास ते उठत आणि फाटकाशीं जाऊन म्हणत, “बगीच्याले पानी सोडाचं हाय, फाटक उघडा.” रात्रपाळीची बाई म्हणे, “बगीचा कवाच इकला तुमचा, झोपा मुकाट्यानं.” मग रडणें, झोंबाझोंबी, आणि एकदां पडून कपाळाला खोक. पुढें पाळी बदलली आणि दुसरी बाई आली. ती संत्र्याच्या बागेंत काम करणाऱ्या मजुराची लेक. तिनें फाटकाजवळ विचारलें, “काकाजी, यंदा आंबिया धरला का मृग?” म्हातारा थबकला. “आंबिया.” “मंग तान बरोबर बसला का?” आतां ते तिच्याशेजारीं पायरीवर बसले आणि झाडांना ताण किती दिवस द्यावा, पानें कशीं मलूल झालीं म्हणजे पाणी सोडावें, हें सांगूं लागले. दहा मिनिटांनीं ती म्हणाली, “लाइन येऊ द्या, मंग पाहू.” शेतीची वीज अवेळीं येते, हें त्यांना कोणीं सांगावयास नको होतें. ते उठले आणि जाऊन निजले.

आपण म्हणाल, दुसरी प्रेमळ आणि पहिली निष्ठुर. मला तसें वाटत नाहीं. पहिल्या बाईच्या वांट्याला त्या रात्रीं एकटीला तीस माणसें होतीं, आणि ती संध्याकाळपासून उभी होती. शिवाय दुसरीची ही युक्ति तिच्याजवळच राहिली; तिच्या सुटीच्या दिवशीं फाटकाशीं पुन्हा झोंबाझोंबी झाली. एका चांगल्या माणसाच्या अंगचा गुण संस्थेचा परिपाठ कसा व्हावा, हा खरा प्रश्न आहे. नशिबानें चांगली बाई लाभणें याला सुधारणा म्हणतां येत नाहीं.

याबाबतींत आमच्या शेजारच्याच एका गांवाचें उदाहरण मला नेहमीं आठवतें. मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकांत श्रीगोविंदप्रभु राहत होते; त्याच रिद्धपुरास २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. महानुभाव पंथाचे अनुयायी त्यांस अवतार मानतात. त्यांचें वागणें लोकरीतीच्या पलीकडचें होतें. केव्हां हंसत, केव्हां रागावत, केव्हां कोणाच्याही घरांत शिरत, केव्हां पुढें केलेलें अन्न दूर सारीत. भक्तांच्या दृष्टीनें ती लीळा होती. तिची तुलना मी कोणत्याही आजाराशीं करीत नाहीं. मला शिकण्यासारखी वाटते ती सेवा करणाऱ्यांची रीत. श्रीचक्रधरस्वामींनीं प्रयाण केल्यावर नागदेव प्रभृति मंडळी तेथें राहून सेवा करीत होती, आणि प्रभूंची ‘प्रवृत्ति’, म्हणजे त्या क्षणीं त्यांचा कल काय आहे, तें पाहून त्याप्रमाणें वागत होती. पुढें म्हाइंभटांनीं ज्यानें जें पाहिलें तें त्याच्याकडून मिळवून लिहून ठेविलें, आणि मराठी गद्याचा एक आद्य ग्रंथ उभा राहिला. कल पाहणें आणि पाहिलेलें लिहून ठेवणें, हा आमच्या वऱ्हाडचा सातशें वर्षांहून जुना धडा आहे.

तोच धडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत निराळ्या वाटेनें सांगितला. आपण हजर असतांना जें होतें तें आपल्या गैरहजेरींतही होईल अशी व्यवस्था लावणें, हा चांगल्या शुश्रूषेचा गाभा आहे, असें त्यांचें म्हणणें. म्हणून पाळी बदलतांना जाणाऱ्या आणि येणाऱ्या सेविकांनीं दहा मिनिटें एकत्र उभें राहावें. कोण जेवलें नाहीं, कोणाच्या टांचेला लाली आहे, कोण रात्रीं बागेला निघतें, हें तोंडीं सांगावें आणि वहींत लिहावें. जिला लिहितां येत नाहीं तिनें सांगावें, दुसरीनें लिहावें. हीं दहा मिनिटें कामाच्या वेळांतच धरावीं. घरीं जावयास निघालेल्या बाईकडून तीं फुकट उकळूं नयेत.

दुसरें, माणसें वाटून द्यावीं. आज हिनें, उद्यां तिनें, असें न करतां ठराविक सेविकेकडे ठराविक वृद्ध असावे. शाळेंत दर आठवड्याला वर्गशिक्षक बदलला तर मुलांचें काय होईल, हें मी सांगावयास नको.

तिसरें शिक्षणाचें. सेविकांना फलकावर नियम लिहून दाखविले म्हणजे शिकविणें झालें, असें पुष्कळांना वाटतें. आमच्या जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले श्रीगाडगेबाबा गांवांत शिरले कीं आधीं हातांतील खराटा चालवीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. करून दाखवावें आणि मग सांगावें, ही त्यांची पद्धति या कामाला अगदीं लागू पडते. नव्या सेविकेला प्रथम खाटेवर निजवावें, दुसरीनें तिची कूस पालटावी, तिला डोळे मिटावयास सांगून चमच्यानें भात भरवावा. सूचना न देतां अंगाला हात लागला म्हणजे काय वाटतें आणि न गिळलेल्या घांसावर दुसरा आला म्हणजे जीव कसा घाबरतो, हें एकदां स्वतः भोगलेली बाई जन्मभर विसरत नाहीं.

चौथें, वृद्धाच्या हातीं कांहीं निर्णय ठेवावे. १९७६ सालीं एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील कनेक्टिकट येथील एका शुश्रूषागृहांतील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला सांगितलें, आपलें आपण ठरवा, आणि प्रत्येकाला स्वतः सांभाळावयास एक रोप दिलें. दुसऱ्या गटाला सांगितलें, तुमची काळजी आम्ही घेऊं, आणि त्यांच्या रोपांना सेविका पाणी घालीत. थोड्याच आठवड्यांत पहिला गट अधिक उल्हसित व हालता-बोलता आढळला. प्रयोग लहान होता, पण त्याचें मर्म आम्हांला परकें नाहीं. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं १९४६ सालीं सुरू केलेल्या तपोवनांत रोग्यांच्या हातांना काम देण्यावर भर होता, तो याच जाणिवेनें. अंघोळ सकाळीं कीं दुपारीं, भाकरी कीं पोळी, खिडकी उघडी कीं मिटलेली, एवढें तरी माणसाला विचारावें.

आतां कांहीं लोक म्हणतील, हीं माणसें आतां थोडींच बरीं होणार आहेत! १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांत डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या जुन्या अनाथ-रुग्णालयाच्या ७१४ खाटा सोंपविल्या गेल्या. त्यांत असाध्य समजून वर्षानुवर्षें अंथरुणांत ठेवलेले पुष्कळ वृद्ध होते. त्यांनीं एकेकाची तपासणी केली, रोग्यांचे वर्ग पाडले, खोल्या उजळ केल्या, लोकांना उठवून बसविलें, चालविलें. आणि पुष्कळजण घरीं परत गेले. वार्धक्याचें म्हणून आपण जें सोडून देतों, त्यांतील पुष्कळसें अंथरुणांतच ठेवल्याचें फळ असतें.

हें सर्व बिनखर्चाचें आहे, असा भ्रम मात्र मी आपणांस देणार नाहीं. हांक मारण्याला पैसा लागत नाहीं, वहीला थोडा लागतो. पण पुरेसे हात ठेवावयाचे तर पैसा लागतोच. जड माणसाला एकटीनें उचलणारी बाई दोन वर्षांत कंबर धरून घरीं बसते. बारा-बारा तास उभें राहून तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या आणि कोणीही एकेरींत दटावावें अशा माणसाकडून आपण अखंड मायेची अपेक्षा करतों. जिचें कोणी ऐकत नाहीं, ती दुसऱ्याचें कोठवर ऐकणार? श्रीमती रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें. तेथें परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली, तेव्हां कुलीन स्त्रियांनीं हें काम करावें काय, असा वाद होता. तो वाद परिचारिकेपुरता मिटला. पण मलमूत्र काढणाऱ्या आणि अंग पुसणाऱ्या सेविकेकडे आपण अजून त्याच जुन्या नजरेनें पाहतों.

तपासणीच्या दिवशीं शाळा कशी सारवली जाते, हें मास्तराइतकें कोणास ठाऊक असणार? म्हणून नातेवाइकांना माझी विनंति आहे कीं, भेटीस वेगवेगळ्या वेळीं जावें. “सगळें ठीक ना?” असें विचारूं नये, त्याचें उत्तर ठरलेलें असतें. काल दुपारीं किती जेवले, पाणी किती प्याले, टांचा कोणीं पाहिल्या, असें विचारावें. आणि आपलें माणूस तेथें सोंपवितांना कागदपत्रांबरोबर एक पान आणखी लिहून द्यावें: यांना काय म्हणून हांक मारावी, कोणत्या कुशीवर झोंप लागते, अंघोळीला पाणी किती कढत लागतें, कशाची भीति वाटते, कोणत्या गोष्टी काढल्या म्हणजे खुलतात. तें पान सेविकेच्या हातीं द्यावें, तिचें नांव विचारावें, आणि संस्थेच्या सभेंत रंगरंगोटीच्या खर्चाबरोबर तिच्या पगाराचा आणि सुटीचाही प्रश्न काढावा.

श्रोतेहो, मीं साठी ओलांडली आहे. माझीं मुलें दूर आहेत आणि तीं गुणी आहेत. पण उद्यां माझी कूस पालटणारा हात त्यांचा असेलच असें मी धरून चालत नाहीं. बहुतेक तो एखाद्या अनोळखी बाईचा असेल. ती आज कदाचित् आमच्याच तालुक्यांतील एखाद्या शाळेंत मागच्या बांकावर बसली असेल. तिला हें काम नीट शिकवावें, तिला विसावा मिळावा, आणि तिनें कांहीं सांगितलें तर तें कोणीतरी ऐकून वहींत लिहावें, एवढी तजवीज आपण आतांच करूं या. यांत उपकार कोणावरच नाहीं. आपल्यांपैकीं पुष्कळांची पाळी यावयाचीच आहे.